कागदावरचं आजारपण

नागम्मा आजारी पडल्याची बातमी नागम्माला सगळ्यात शेवटी कळली.

तीसुद्धा येळवसेच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या दिवशी, भज्जीसाठी वाटाणे सोलत बसली होती तेव्हा. थोरला लेक जगदेवप्पा हुमनाबादचं खताचं दुकान लवकर बंद करून निर्ण्याला आला, आईशेजारी पोत्यावर टेकला, दोन शेंगा सोलून दाणे स्वतःच्याच तोंडात टाकले आणि म्हणाला, "अव्वा, तू लै आजारी हायस. उद्या शेताकडं यायचं न्हाई. घरात पडून राहायचं."

नागम्मानं हातातली शेंग सोलून पुरी केली. "कुणी सांगितलं?"

"वकिलानं."

"वकील कवापासून नाडी बघायलाय?"

चुलीपाशी आंबील घोटणाऱ्या श्रीदेवीला हसू आलं, पण फार टिकलं नाही. श्रीदेवी म्हणजे धाकटी सून, नागेंद्राची बायको. वकिलाचं नाव निघालं की त्यामागे नागेंद्र असणारच, आणि नागेंद्राचं काही असलं तर ते आधी आपल्याला कळावं असं तिला वाटे. घरातल्या इतर कुणाला तसं कधी वाटलं नव्हतं.

"काय केलाव, अण्णा?" तिनं पदर सारखा करत विचारलं. थोरल्या दिरासमोर ती पदर सारखा करायची, पण जीभ आवरायची नाही.

जगदेवप्पानं खुलासा केला. माघात किरणकुमारचं लग्न. किरणकुमार म्हणजे जगदेवप्पाचा एकुलता एक. लग्नात सख्खा चुलता, जेलात असलेला नागेंद्र, नसला तर नवरीकडची आळंदची माणसं काय म्हणतील, ही जगदेवप्पाच्या बायकोची, मल्लेश्वरीची काळजी. म्हणून पॅरोल. पण पुतण्याच्या लग्नाला पॅरोल मिळणं अवघड, असं गुंडेराव वकील म्हणाले. बायको, लेकरं, आईबाप यांचं काही असलं तर मिळतो. मग गुंडेरावांनी कागद पुढ्यात ओढला आणि नागम्माला अंथरुणाला खिळवलं. जेलात नागेंद्रानं सही केली आणि अर्ज पुढे गेला. आता ठाण्यातून चौकशीला माणूस येणार.

"कवा?"

"येळवस झाल्यावर. मी ठाण्यात बोलून आलोय. तरी बी खबरदारी म्हणून अव्वानं उद्या घरातच राहावं."

नागम्मानं मान डोलावली. ती इतक्या शहाण्यासारखी मान डोलावते तेव्हा तिच्या मनात भलतंच असतं, हे श्रीदेवीला ठाऊक होतं. जगदेवप्पा मात्र मान बघून निर्धास्त झाला आणि पुन्हा शेंगांकडे वळला.

"त्यांनी सही केली?" श्रीदेवीनं विचारलं.

"केली की. यायला कुणाला नको वाटंल?"

श्रीदेवी पुन्हा आंबील घोटायला लागली. गेल्या मुलाखतीला, जाळीच्या पलीकडे उभा राहून नवरा लेकीच्या परीक्षेचं बोलला, जेलच्या बेकरीतल्या नव्या भट्टीचं बोलला, आणि या सहीबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. वाईट वाटलं तिला. रागही आला. दोन्ही एकदम आल्यानं पळी जरा जोरात फिरली आणि आंबील काठावरून सांडली.

पाच वर्षं झाली होती त्याला जाऊन. भागीतल्या विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून चुलत भाऊ राजपालशी बाचाबाची झाली, आणि नागेंद्रानं हातातला लोखंडी पाना राजपालच्या उजव्या पंजावर घातला. तीन बोटं कायमची ताठ झाली. सात वर्षांची शिक्षा लागली. कलबुर्गीच्या जेलात गेल्यावर मात्र हा माणूस असा काही सुधारला की श्रीदेवीचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. पहिल्याच वर्षी तिथले एक साहेब तिला म्हणाले होते, "तुमचा नवरा म्हणजे देवमाणूस हो. आवाज चढवत नाही, घोंगडी घडी करून ठेवतो, बेकरीत सगळ्यांच्या आधी हजर." श्रीदेवी परतीच्या बसमध्ये हुमनाबाद येईपर्यंत हसत होती. घरी असताना भाजीत मीठ कमी पडलं तर याच देवमाणसाचं ताट अंगणात जाऊन पडायचं. घोंगडीची घडी तर त्यानं लग्नापासून कधी घातलीच नव्हती, बायको नावाची बाई ती सूर्य उगवायच्या आत करून ठेवत असल्यानं.

तर या चांगल्या वर्तणुकीबद्दल दर महिन्याला शिक्षेतले काही दिवस कमी होत. जेलात त्याला माफी म्हणतात. माफी साठत साठत आता सुटका उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या आसपास आली होती. श्रीदेवीनं मनातल्या मनात आपलंही एक जेल चालवलं होतं. तिथली वर्तणूक तिनं डोळ्यांनी पाहिलेली, आणि त्या जेलात नवऱ्याला अजून एका दिवसाचीही माफी मिळाली नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "मुलाखतीच्या रांगेत मला आळंदची लक्ष्मम्मा भेटती. तिच्या लेकानं असाच खोटा दाखला लावून पॅरोल मागितला. खोटं उघडं पडलं. साठलेली सगळी माफी कापली त्याची. आन् पॅरोलवर आलेले दिवस शिक्षेत धरत न्हाईत. महिना इकडं काढला की सुटका तितकी पुढं."

"तुला काय कळतंय कायद्यातलं?" जगदेवप्पा उठला. "वकील उगं हाय का?"

दारात मल्लेश्वरी उभी होती. "श्रीदेवी, नवरा घरी येणार म्हटल्यावर बायकांची तोंडं फुलत्यात. तुझं कामून असं झालंय?"

याला उत्तर होतं श्रीदेवीकडे. पण ते आंबिलीची पळी हातात धरून जावेला सांगण्यासारखं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भज्जीचं पातेलं, उंड्यांची दुरडी, खिरीचं भांडं आणि आंबिलीचे दोन बिंदगे चढवून झाले, आणि वर बघितलं तर सगळ्यांच्या आधी नागम्मा बसलेली. हिरवं इरकल, कपाळाला ठसठशीत विभूती, मांडीवर आंबिलीचा तिसरा बिंदगा.

जगदेवप्पानं कपाळावर हात मारला. "अव्वा, काल काय ठरलं?"

"तुझं ठरलं. मी मान हलवली."

"आजारी माणूस असं शेताला जातंय का?"

"आजारी मी कागदावर हाय. शेताला कुठं ठावं हाय ते?" नागम्मानं बिंदगा घट्ट धरला. "नाग्याच्या तुकड्यात आंबील कोण शिंपणार? तू? तुझा गुडघा बांधापर्यंत जात न्हाई. गाडी चालू करा."

हे मात्र खरं होतं. येळवसेला कडब्याच्या कोपीत, त्या दिवसापुरत्या उभारलेल्या झोपडीत, पांडवांची पूजा झाली की घरच्या माणसानं आंबील शिंपत सगळ्या शेताला फेरी घालायची, ओलगे ओलगे म्हणत. एखादा तुकडा राहिला तर ते रान वर्षभर उपाशी राहतं अशी नागम्माची पक्की समजूत होती. नागेंद्र गेल्यापासून त्याच्या तुकड्याची फेरी ती स्वतः घालत आली होती. ती घरी राहणं शक्यच नव्हतं, आणि ज्यानं तिच्या पोटी जन्म घेतला त्याला हे ठाऊक नसावं याचंच श्रीदेवीला नवल वाटलं.

घराला कुलूप लागलं. गावातल्या सगळ्याच घरांना लागलं. येळवसेला निर्ण्यात कुत्रं राहत नाही, तीही माणसांमागे शेतात जातात.

शेतात ऊन कोवळं होतं, ज्वारी पोटऱ्यात आली होती, हरभरा घाट्यांनी भरला होता. चुन्यानं रंगवलेले पांडव कोपीत मांडून झाले, नैवेद्य झाला. जगदेवप्पानं आपल्या तुकड्याची अर्धीमुर्धी फेरी घातली आणि गुडघा धरून बसला. नागम्मा बिंदगा काखेला मारून नागेंद्राच्या तुकड्यात शिरली. ज्वारीच्या वर तिचं डोकंही दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. "ओलगे... ओलगे..."

श्रीदेवीची नजर बांधापलीकडे गेली. पलीकडे राजपालची कोप होती. मधे ती विहीर. येळवसेला बांधावरून जाणाऱ्या वाटसरूलाही हात धरून जेवायला बसवतात, पण या दोन कोपींतलं जाणंयेणं पाच वर्षांपूर्वी थांबलं ते थांबलंच. राजपालची बायको भागाबाई श्रीदेवीकडून ब्लाउज शिवून घेई, तेही लेकीच्या हाती माप पाठवून. विहिरीवरच्या मोटारीचं जुनं बटण दोन्ही हातांनी दाबावं लागे, आणि राजपालचा एक हात चालत नाही म्हणून त्याच्या पाळीला ते श्रीदेवीच दाबून येई. दोघं एकमेकांशी बोलत नसत. तो पाइपाला पाण्याची धार लागेपर्यंत उभा राही, ती घरी येई.

तेवढ्यात वाटेनं मोटारसायकलचा आवाज आला. किरणकुमार पुढे, आणि त्याच्यामागून दुसऱ्या गाडीवर खाकी कपड्यांतला, घामानं निथळलेला हवालदार.

"अप्पा," किरणकुमार लांबूनच आनंदानं म्हणाला, "हे साहेब गावात फिरू लागले होते. समद्या घरांना कुलूप बघून घाबरले. मी म्हटलं, चला, आमचे सगळे शेतात हायत. आज्जी बी."

जगदेवप्पानं लेकाकडे असं बघितलं की लग्न मोडतं की काय असं मल्लेश्वरीला वाटून गेलं.

हवालदाराचं नाव बोरेगौडा. मंड्याकडचा, बदलीवर नवा आलेला. त्याच्या मुलखात येळवस नाही. ठाण्यातल्या सगळ्यांनी आज सुट्टी का मागितली हे त्याला कळलं नव्हतं, म्हणून तो बिचारा एकटाच कामाला लागला होता. त्याचं मंड्याचं कन्नड आणि यांचं इकडचं कन्नड यांची गाठ पडायला जरा वेळ लागला, पण एक वाक्य सगळ्यांना नीट कळलं.

"अंथरुणाला खिळलेल्या बाईला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलंत तुम्ही?"

कुणी काही बोलायच्या आत ज्वारीतून नागम्मा बाहेर आली. काखेला अर्धा रिकामा बिंदगा, पदर खोचलेला, पायांना माती. तिनं पाहुणा बघितला आणि फेरी तिथंच सोडून कोपीकडे आली. "कोण हाय रे? ऊन लागलंय त्याला. बसवा आधी."

"आजी," बोरेगौडानं विचारलं, "यात नागम्मा कोण?"

"मीच की. बस, बाळा. पान वाढते."

जगदेवप्पानं तिच्याकडे बघून डोळे वटारले. नागम्मालाही मग उमगलं. तिनं हळूच बिंदगा खाली ठेवला, कंबरेवर हात ठेवला आणि कण्हून बघितलं. ते कण्हणं इतकं वाईट जमलं होतं की किरणकुमार तोंड फिरवून हसला.

"तिची तब्येत खालवर होत असती," जगदेवप्पा घाईघाईनं म्हणाला. "सकाळी लै वाईट होती."

"आधी जेवू दे त्याला," नागम्मा म्हणाली. कण्हणं तिनं सोडून दिलं होतं.

बोरेगौडा नको नको म्हणत होता. पण येळवसेला नको म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं. भज्जी आली, बाजरीचे उंडे आले, खीर आली, आणि नागम्मा चार वेळा वाकून त्याला वाढून गेली. आंबिलीचे तीन लोटे तो ताक समजून प्यायला. आंबील रात्रभर आंबलेली असते, लसूण घातलेली, आणि भर दुपारी ती माणसाला बसू देत नाही. बोरेगौडानं टोपी काढून शेजारी ठेवली, जरा टेकतो म्हणाला, आणि कोपीच्या सावलीत गाढ झोपला.

मग घरातल्यांची कुजबुज सुरू झाली.

"उठायच्या आत अव्वाला घरी पाठवू," जगदेवप्पा म्हणाला.

"त्यानं बघितलंय तिला. हातचं खाल्लंय तिच्या," मल्लेश्वरी म्हणाली. कालपर्यंत ती पॅरोलच्या बाजूनं होती. आता तिचा रंग बदलायला लागला होता. "अन् हे खोटं गावभर झालं तर आळंदची माणसं काय म्हणतील? मी तुमाला आधीच म्हणत होते."

"तू कवा म्हणत होतीस?"

"मनात."

नागम्मा एका बाजूला बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळं नाग्याची माफी जायची," ती म्हणाली. "पाच वर्षं लेकरू नीट वागलं, आन् मी एका येळवसेला नीट पडून राहिले न्हाई." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. श्रीदेवीला तिची दया आली. म्हातारीला लेक बघायचा होता, एवढंच. लग्न, आळंद, वकील हे सगळं बाकीच्यांचं होतं.

"अव्वा, रडू नका," ती म्हणाली. "मी बोलते त्याच्याशी."

"तू काय बोलणार?" जगदेवप्पानं विचारलं.

"जे काल कुणी इचारलं न्हाई ते."

*

बोरेगौडा उठला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यानं तोंडावर पाणी मारलं, टोपी चढवली, कागद काढला आणि पुन्हा हवालदार झाला. "मला खरं ते लिहावं लागणार. आई धडधाकट आहे. कैद्यानं खोटं कारण दिलं."

"साहेब," श्रीदेवी पुढे झाली. पदर तिनं सारखा केला नाही, दिसेल तसा राहू दिला. "कारण त्यांनी न्हाई दिलं. हितं घरात ठरलं, वकिलानं लिहिलं, तिकडं त्यांच्या म्होरं सहीला गेलं. आई आजारी हाय म्हणून घरच्यांनी कळवलं तर आतला माणूस काय नाडी बघायला येतोय का? चूक आमची हाय. लिहायची तर आमची लिहा."

"श्रीदेवी," जगदेवप्पा दटावून म्हणाला.

"थांबा, अण्णा. पाच वर्षं तुमीच बोलायलाव." ती पुन्हा हवालदाराकडे वळली. "आन् पॅरोल आमाला नको. बायको म्हणून माझा जबाब घ्यायचा असंल तर हाच घ्या. आईची तब्येत चांगली हाय, घरच्यांना पॅरोलची गरज न्हाई."

बोरेगौडानं तिच्याकडे बघितलं. "नवरा घरी यायला नको तुम्हाला?"

"पाहिजे. पण पाहुणा म्हणून नको."

तो जरा विचारात पडला. पोट भरलेलं होतं आणि माणूस मुळात वाईट नव्हता. अर्ज मागे घेतो असं कैद्यानं जेलातून कळवलं आणि घरच्यांनी चूक कबूल केली, तर आपण वाढवून लिहिणार नाही, असं तो म्हणाला. "पण ज्याला मारलं त्याचाही जबाब घ्यायचाय. राजपाल कोण?"

सगळ्यांच्या नजरा बांधापलीकडे गेल्या. जगदेवप्पा म्हणाला, तो आपल्या विरुद्धच बोलणार, त्याला कशाला बोलवायचं. किरणकुमारनं चपला घातल्या, पण पाऊल उचलेना. श्रीदेवी उठली आणि बांधाकडे चालायला लागली. विहिरीपाशी ती थांबली, कारण राजपाल पलीकडच्या काठावर आधीच उभा होता. खाकी कपडे त्यानं मघाशीच बघितले असणार.

"भावजी," ती म्हणाली. पाच वर्षांत पहिल्यांदा. "जेवायला चला."

राजपालनं उजवा हात खिशात घातला. लोकांसमोर तो हात नेहमी खिशात घाली. "जेवायला बोलवायलीस का जबाबाला?"

"दोन्हीला. पण आधी जेवायला."

"वैनी, माझा जबाब तुमाला गोड लागणार न्हाई."

"कडू असंल तर कडू द्या. हात तुमचा गेलाय. मी न्हाई सांगणार काय बोलायचं ते."

तो आला. मागून भागाबाई आपल्या घरची भज्जी घेऊन आली, कारण रिकाम्या हातानं जायचं नसतं. राजपाल डाव्या हातानं जेवला. कुणी तिकडे बघत नव्हतं, आणि कुणी बघत नाही हे त्यालाही कळत होतं.

"कैदी पॅरोलवर यायला हरकत आहे का?" बोरेगौडानं विचारलं.

"हाय," राजपाल म्हणाला. जगदेवप्पानं मान खाली घातली. "लग्नात जेवायला महिनाभर येणार, फेटा बांधून मिरवणार, आन् परत जाणार. मग माझ्या हाताचं काय? असलं सुट्टीला येणं मला चालणार न्हाई. शिक्षा पुरी करून, माफी मिळाली असंल तर ती घेऊन, कायमचा येऊ दे. त्याला माझी हरकत न्हाई. हितं येऊन माझ्या पाळीला मोटारीचं बटण दाबू दे रोज. वैनीनं किती दिवस दाबायचं?"

बोरेगौडानं हे सगळं लिहिलं का, ते कुणाला कळलं नाही. पण त्यानं सह्या घेतल्या, नागम्माच्या पाया पडला आणि उरलेल्या उंड्यांची पुरचुंडी गाडीला अडकवून निघून गेला.

नागम्मानं बिंदगा उचलला आणि राजपालपुढे ठेवला. "नाग्याच्या तुकड्यातली अर्धी फेरी राहिलीय. हवालदार आला मधेच. माझ्यानं होत न्हाई आता. तू कर पुरी."

राजपाल बिंदग्याकडे बघत राहिला. मग त्यानं खिशातला हात बाहेर काढला, बिंदगा त्या ताठ बोटांच्या कडेवर टेकवून छातीशी धरला आणि डाव्या हातानं शिंपत ज्वारीत शिरला. "ओलगे" पहिल्यांदा त्यानं हळू म्हटलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं.

*

जेलातून ठरलेल्या वारी फोन येई, आणि नेमका आज तो वार होता. फोन वाजला तेव्हा श्रीदेवी ताटं विसळत होती. हात पुसून ती बांधाच्या कडेला गेली. घरच्यांसमोर, हवालदारासमोर बोलणं सोपं होतं. खरं अवघड हे होतं.

"झाली का येळवस?" नागेंद्राचा आवाज आला.

"व्हायलीय."

"हवालदार आला होता का गं?"

म्हणजे तो वाट बघत होता. श्रीदेवीनं डोळे मिटले आणि सांगून टाकलं. अव्वा शेतात सापडली ते, हवालदार झोपला ते, आणि शेवटी, "मीच नको म्हणून सांगितलं. उद्या साहेबांना सांगून अर्ज मागं घ्या तुमी."

पलीकडे काहीच आवाज नाही. ही शांतता तिच्या चांगल्या ओळखीची होती. असं गप्प झाल्यावर काहीतरी फुटायचं. कधी ताट, कधी कपबशी, एकदा राजपालचा हात. तिनं नकळत फोन कानापासून जरा लांब धरला.

"कामून?" नागेंद्रानं विचारलं.

एवढंच विचारलं आणि तो थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात कामून हा शब्द तिनं त्याच्या तोंडून हजारदा ऐकला होता. उत्तरासाठी तो थांबलाय असं कधी झालं नव्हतं.

"तुमाला जाताना एकदा बघितलंय मी," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा बघवणार न्हाई. याल आन् महिन्यानं पिशवी भरून परत जाल. त्या महिन्यात मी रोज पिशवीकडंच बघत बसणार. आन् भीती बी वाटती मला. तिथं नीट वागताव म्हणत्यात सगळे. हितं कसं वागाल ते मला ठाव न्हाई. ते एकदाच कळू दे. अर्धवट नको."

त्याच्या मागे कुठेतरी भांडी वाजत होती, कुणीतरी वेळ संपत आल्याचं सांगत होतं.

"मला यायचं होतं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पण तू म्हणतीस ते बी खरं हाय. मागं घेतो उद्या." मग जरा थांबून, "माझ्या तुकड्यात आंबील कुणी शिंपली? अव्वा?"

"अर्धी अव्वानं. अर्धी राजपाल भावजीनं."

"राजपाल?"

"आत्ता फिरायलाय. ऐका." तिनं फोन ज्वारीकडे धरला. लांबून आवाज येत होता, ओलगे, ओलगे. मग पुन्हा कानाला लावला.

"सांडत असंल त्याच्या हातानं," तो म्हणाला.

"सांडतीय थोडी."

"सांडू दे. माझ्या वाट्याचं त्याला वाढ." आणि अगदी शेवटी, वेळ संपता संपता, "मग कवा येऊ?"

"उगादी झाली की या. पुन्ना जायचं न्हाई."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

ती कोपीकडे परतली तेव्हा संध्याकाळी उतू घालायच्या दुधाचं बोळकं चुलीवर चढलं होतं. नागम्मा फुंकणी घेऊन बसली होती. धुरानं लाल झालेले डोळे तिनं वर केले. "काय म्हणला गं? रागावला?"

"कामून म्हणले."

"आन्?"

"आन् मी सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं."

नागम्मानं फुंकणी बाजूला ठेवली. सुनेच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, ती खोटं तर बोलत नाही ना म्हणून.

"सगळं ऐकलं?"

"व्हय, अव्वा."

"मग सोडायला हरकत न्हाई त्याला," म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा जाळ फुंकायला लागली.